जुनी रायफल घरी घासायला घेण्याआधी

आजोबांची रायफल वारसाहक्कानं आपल्या परवान्यावर चढली की तिला पुन्हा नवी करावीशी वाटते. आम्हाला ते मनापासून पटतं. पण आमच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या बऱ्याच रायफली आधीच घरी पॉलिश पेपर मारून आलेल्या असतात, आणि सोबत एकच मागणी असते, "आता नुसतं काळं करून द्या." हे पत्रक त्या पॉलिश पेपरसाठी लिहिलं आहे.

नळीवरचा काळा रंग म्हणजे ऑइल पेंट नव्हे. तो लोखंडाचाच, मुद्दाम काळा केलेला पातळ थर असतो. पेपरनं तो गेला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि पावसाळ्यात बघता बघता तांबूस होतं. याहून वाईट म्हणजे नंबर जातो. जुने ठसे आधीच झिजलेले असतात. त्यावर ऐंशी नंबरचा पेपर फिरला की 3 आहे की 8, हे भिंगातूनसुद्धा सांगता येत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 8 प्रमाणे हत्यारावरचा नंबर खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. तुमचा हेतू स्वच्छ असेल, पण परवाना पुस्तिकेशी नंबर जुळला नाही तर ते पटवून देताना तुमच्याच चपला झिजतील. पुसट नंबर आम्हीही परत ठोकून देत नाही. कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी नाही.

तांबूस डाग दिसला तर त्यावर तेलाचे दोन थेंब टाका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी सर्वांत बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं पुसा. नंबराच्या जागी फक्त तेल आणि फडकं. तेवढ्यानं गेला नाही तर पुढचं काम आमच्यावर सोडा.

आमच्याकडे वेळ का लागतो, हेही विचारलं जातं. आम्ही नळीवर आधी बारीक गंज चढवतो, मग ती पाण्यात उकळतो. तांबडा गंज काळा होतो, वरची भुकटी ब्रशनं झाडतो, आणि हेच पुन्हा सहा-सात वेळा. गरम क्षाराच्या टाकीत हे काम तासाभरात होतं, पण त्या टाकीत दुनळीच्या दोन नळ्या जोडणारा झाळ सुटतो. म्हणून आम्ही सगळ्यांसाठी सावकाशीचीच रीत ठेवली आहे.

लाकडाचं काम मात्र घरी होण्यासारखं आहे. दस्त्यावरचा मळ टर्पेंटाइनच्या फडक्यानं काढा, मग डबल बॉइल्ड जवसाचं तेल तळहातानं चोळा. थोडंसंच. पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या आणि दोन दिवस सुकू द्या. अशा चार-पाच हातांनी जुन्या लाकडाला जी चमक येते ती वॉर्निशला येत नाही. खोबरेल लावू नका, ते सुकत नाही. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेते. ती दोरीवर पसरून वाळवा. पॉलिश पेपर इथेही नको, कारण लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा खाली बसलं की ते परत वर येत नाही.

ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घाटणीच्या बऱ्याच रायफलींत दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड न काढता तो मागून पिळला की लाकूड उभं चिरतं. म्हणून दस्ता घरी सोडवू नका.

तीनशे पंधराच्या काडतुसाच्या बुडावर '8 एमएम केएफ' दिसलं की भलतंच काडतूस आलं असं वाटून घाबरून फोन येतात. .315 इंच म्हणजेच 8 मिलिमीटर, आणि केएफ म्हणजे आपली खडकीची दारूगोळा फॅक्टरी.

बटाला, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाला, रबरी पॅड, पट्ट्याच्या कड्या, दुर्बिणीचा माउंट ही कामं आम्ही आवडीनं करतो. नळी आखूड करून मागू नका. त्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 खाली वेगळी परवानगी लागते. लेथवाल्याकडूनही दुरुस्ती करून घेऊ नका, कारण कलम 5 प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो.

निवडणुकीत जमा केलेली रायफल परत मिळाली की कव्हरमधून लगेच बाहेर काढा. ओलसर कव्हरइतका गंज दुसरं काही चढवत नाही. येताना मूळ परवाना पुस्तिका आणा आणि रायफल रिकामी आहे याची घरीच खात्री करा. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. मृगाच्या आधी आलात तर बेंदराच्या सुमारास काम हातात मिळेल.