मोबाइल प्रारण आणि भ्रूणविकास

मोबाइल फोनमधून निघणाऱ्या रेडिओतरंगांचा वाढत्या भ्रूणावर होणारा संभाव्य परिणाम. हे तरंग अनायनकारी असतात, म्हणजे क्ष-किरणांप्रमाणे डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. ऊती तापवणे हा त्यांचा निर्विवाद सिद्ध झालेला परिणाम होय. भ्रूणाच्या बाबतीत ही किरकोळ बाब नाही. मानवी भ्रूणाची चेतानलिका (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात ती नळी) गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. त्या काळात आईला जास्त ताप आल्यास ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. त्यामुळे या तरंगांचा भ्रूणावरील परिणाम तपासणाऱ्या प्रयोगांत आधी तापमान पाहावे लागते.

कोंबडीचे अंडे हे प्रयोगकर्त्यांचे आवडते साधन. मध्ये आईचे शरीर नाही, २१ दिवसांत पिल्लू बाहेर येते आणि हॅम्बर्गर व हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या कोंबडीच्या भ्रूणवाढीच्या ४६ अवस्थांशी ताडून वाढ नेमकी कुठे अडली ते सांगता येते. उबवणयंत्रात अंड्यांजवळ चालू फोन ठेवून केलेल्या काही प्रयोगांत भ्रूणमृत्यू वाढल्याचे, तसेच दृष्टिपटल व यकृत यांत बदल झाल्याचे नोंदले गेले. मात्र कॉल चालू असलेला फोन स्वतःही तापतो, आणि ३७.५° से.च्या आसपास उबणाऱ्या अंड्याला थोडीशी जादा ऊबही बाधू शकते. शिवाय फोनला खेटून असलेल्या आणि कडेच्या अंड्याला मिळणारी मात्रा सारखी नसते. तुलनेसाठी नुसता बंद फोन ठेवून भागत नाही; तितकीच ऊब देणारी, पण तरंग न सोडणारी वस्तू हवी. ही काळजी न घेतलेला पुरावा कच्चाच म्हणावा लागतो.

पुरावा कच्चा राहण्याची ही अडचण मोबाइलच्याही आधीची. १९८२ मध्ये संशोधक होसे देल्गादो व सहकाऱ्यांनी क्षीण, कमी वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रात कोंबडीच्या भ्रूणांची वाढ बिघडल्याचे प्रसिद्ध केले. पडताळणीसाठी सहा प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने प्रयोग केले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फक्त दोन ठिकाणी लक्षणीय फरक दिसला.

सस्तन प्राण्यांवरचे काम अधिक काटेकोर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने गर्भावस्थेपासून उंदरांना (रॅट) रोज सुमारे नऊ तास, प्रतिकिलो १.५ ते ६ वॅट (शरीराच्या दर किलो वजनामागे शोषली जाणारी तरंगशक्ती) इतकी मात्रा संपूर्ण शरीराला दिली. २०१८ च्या अहवालानुसार पिल्लांचे जन्मवजन घटले, पण पुढे ती नेहमीच्या आकाराची झाली.

माणसांबाबत डेन्मार्कमधील सुमारे १३,००० मुलांचा २००८ चा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. गरोदरपणी मोबाइल वापरलेल्या आयांच्या मुलांत सातव्या वर्षी वर्तनसमस्या अधिक आढळल्या. पण फोनचा वापर आयांनी आठवून सांगितलेला होता, आणि मुलाकडे दिलेले लक्ष, घरची परिस्थिती यांचा वाटा त्यातून पुरता वेगळा काढता येत नाही. कार्यकारणभाव यातून ठरत नाही.

अनायनकारी प्रारणापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत संपूर्ण शरीरासाठी कामगारांना प्रतिकिलो ०.४ वॅट, तर सर्वसामान्यांना ०.०८ वॅट ही मर्यादा ठेवली आहे. गरोदर कामगार स्त्रीला सर्वसामान्यांचीच मर्यादा लागू होते.