मेसाक पठारावरील कातळशिल्पे : एका कोरड्या दरीची पार्श्वभूमी

नैऋत्य लिबियातील फेज्जान प्रदेशात, मुर्झुकच्या वाळूसमुद्राच्या कडेने मेसाक सत्ताफेत हे वालुकाश्माचे पठार पसरले आहे. सहारातील तुआरेग या भटक्या लोकांच्या भाषेत सत्ताफेत म्हणजे काळे. लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा पातळ काळपट लेप येथील दगडांवर हजारो वर्षांत चढला आहे. पठारावर चालताना नजरेत भरावे असे काहीच दिसत नाही, पण माथेंदूशसारख्या दरीच्या कोरड्या पात्रात उतरले की दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींवर हत्ती, जिराफ, गेंडे, रानबैल आणि मगरीही दिसू लागतात. कोकणातील कातळशिल्पे सड्याच्या आडव्या जांभ्यावर आहेत, म्हणून ती पायाखाली पाहावी लागतात. येथे मात्र ती उभ्या कड्यांवर, चालणाऱ्याच्या समोर येतात.

या चित्रांची वार्ता युरोपात पोहोचवली ती हाइनरिश बार्थ या जर्मन प्रवाशाने. जेम्स रिचर्डसन यांच्या मोहिमेबरोबर मुर्झुकहून घाट नावाच्या गावाकडे जात असताना, जुलै 1850 मध्ये, तेलिसाघे दरीत त्याला प्राण्यांची मुखे असलेल्या दोन मानवाकृती आणि त्यांच्यामध्ये एक गोवंशीय प्राणी कोरलेला आढळला. (त्याच महिन्यात इदिनेन डोंगरावर तो एकटाच चढला, वाट चुकला आणि तहानेने स्वतःचे रक्त चोखण्यापर्यंत त्याच्यावर पाळी आली, एका तुआरेगाने त्याला शोधून काढले नसते, तर ही नोंद कदाचित आपल्यापर्यंत आलीच नसती.) चित्रांत उंट कोठेही नाही हे त्याने हेरले आणि उंट या भागात माहीत होण्यापूर्वीची ही चित्रे असावीत असा निष्कर्ष काढला. ते निरीक्षण आजही टिकून आहे. मात्र एवढी सफाईदार रेघ स्थानिकांच्या हातची नसावी, त्यामागे कार्थेजसारख्या प्रगत लोकांचा संपर्क असावा, हा त्याचा तर्क टिकला नाही. पुढे 1932 मध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ लिओ फ्रोबेनिअस यांनी चित्रकार सोबत नेऊन या दऱ्यांतील शिल्पांच्या प्रतिकृती करवून घेतल्या, आणि खोदलेल्या शिल्पांची संख्या किती मोठी आहे हे तेव्हा कोठे लक्षात आले.

ही शिल्पे दरीतच का आहेत, याचे उत्तर पाण्यात आहे. सुमारे 11,000 ते 5,000 वर्षांपूर्वी मोसमी पाऊस आजच्यापेक्षा बराच उत्तरेकडे पोहोचत असे. सहारात सरोवरे आणि गवताळ माळ होते. पाऊस ओसरला तरी पठारावरचे पाणी या दऱ्यांतील डोहांत साठून राही, आणि जनावरे व माणसे तेथेच येत. मगरीचे चित्र म्हणूनच मला सर्वांत बोलके वाटते, कारण पाण्याशिवाय मगर जगत नाही. हा दगड जवळून पाहिला तर कोरणाऱ्याच्या कामाची पद्धतही कळते: आधी टोकदार दगडाने ठोके देऊन रेघ पाडली आहे, मग ती घासून इतकी गुळगुळीत केली आहे की बोट अडत नाही.

नेमका काळ ठरवणे अवघड आहे, कारण कोरीव रेघेत कार्बन कालमापनाला उपयोगी पडेल असे काही उरत नाही. म्हणूनच पठारावरील दगडी वर्तुळांना महत्त्व आहे. त्यांत विधिपूर्वक पुरलेल्या गुरांची हाडे मिळाली असून ती साधारण 7,000 ते 6,000 वर्षांपूर्वीची ठरली आहेत, आणि काही ठिकाणी त्यांच्यासोबत गुरांची चित्रे कोरलेले दगडही सापडले आहेत. गुरे पाळणाऱ्या समाजाशी या कलेचा संबंध जोडता येतो तो यामुळे.

म्हणजेच शिल्पाइतकाच त्याच्या भोवतालचा दगडही पुरावा आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मेसाकवर दर चौरस मीटरला सरासरी 75 दगडी अवजारे विखुरलेली आहेत. शेजारच्या अकाकुस डोंगररांगेला 1985 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मेसाक त्या सीमेबाहेर राहिले, आणि तेलशोधाच्या सर्वेक्षणासाठी त्यावरून अवजड वाहने फिरली. 2011 नंतरच्या अशांततेत तर अभ्यासक आणि पर्यटक या दोघांचीही वाट बंद झाली. चाकाखाली काळा दगड उलटला की त्याची फिकी बाजू वर येते आणि तिच्यावर पुन्हा काळा लेप चढायला हजारो वर्षे लागतात. त्यामुळे त्या वाहनांच्या चाकोऱ्या आजही पठारावर फिकट पट्ट्यांसारख्या स्पष्ट दिसतात.