बँजोचा मास्तर शोधताना: ओल्ड-टाइम की ब्लूग्रास?

आधी एक घोळ निस्तरून टाकू. मुंबईत किंवा कोकणात 'बेंजो' म्हटलं की आठवते गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी, आणि तिच्यातलं ते टाइपरायटरसारख्या बटणांचं वाद्य. ते बुलबुल तरंगाच्या कुळातलं. त्याचा मूळपुरुष तैशोगोतो, १९१२ साली जपानमधल्या नागोयात जन्मलेला. या लेखातला बँजो वेगळा. डफासारखं गोल, ताणलेलं तोंड, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर या वाद्याची कल्पना अमेरिकेत पोचली.

आता खरा घोळ. या एकाच पाच तारी बँजोचे मास्तर दोन जातींचे असतात, एक ओल्ड-टाइमचे आणि एक ब्लूग्रासचे (अमेरिकी संगीताच्या या दोन शैली), आणि बाहेरून बघताना ते ओळखू येत नाहीत. मला आले नाहीत.

मी राहतो नॉर्थ कॅरोलायनात, रालेजवळ. शनिवारच्या बाजारात भाजीच्या मांडवाशेजारी एक आजोबा बँजो वाजवत बसायचे. आवाज मऊ, थोडा घोगरा, आणि ठेका असा की हातातली पिशवीही त्यावर हलायला लागायची. तोच आवाज काढायचा म्हणून सेकंडहँड बँजो घेतला, एक मास्तर गाठले. त्यांनी पहिल्याच दिवशी अंगठ्यात प्लॅस्टिकची आणि दोन बोटांत पत्र्याच्या नख्या चढवायला लावल्या. तीन महिने मी इमानेइतबारे घोटून काढलं. हात चालायला लागला, पण बाजारातला आवाज काही येईना. शेवटी फोनवर घेतलेलं आजोबांचं रेकॉर्डिंग मास्तरांना ऐकवलं. ते म्हणाले, "हे मी शिकवत नाही. हे क्लॉहॅमर." चूक त्यांची नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

फरक उजव्या हाताच्या दिशेत आहे. क्लॉहॅमर ही ओल्ड-टाइम संगीतातली मुख्य पद्धत. बोटं अर्धी मिटलेली, पंजा खेकड्याच्या नांगीसारखा, आणि तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली आपटायची. बोट तार ओढत नाही, तारेवर पडतं. हात मनगटातून असा सोडायचा की जणू हात धुतल्यावर पाणी झटकतोय. ब्लूग्रासमध्ये नेमकं उलट. करंगळी आणि अनामिका बँजोच्या तोंडावर टेकवून हात स्थिर ठेवायचा. तर्जनी आणि मधलं बोट नख्या घालून तारा खालून वर उचलणार, अंगठा वरून खाली. एकात सगळा पंजा हलतो, दुसऱ्यात पंजा गप्प आणि बोटं धावतात. म्हणून एकाचा रियाज दुसऱ्याला फारसा उपयोगी पडत नाही, उलट आड येतो. मी क्लॉहॅमर सुरू केलं तेव्हा माझी करंगळी महिनाभर टेकायला जागा शोधत होती.

पाचव्या तारेचं कामही दोघांकडे वेगळं. ही तार आखूड. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसते, मधेच पाचव्या पडद्यापाशी असते, आणि सूर सगळ्यांत उंच. सतार ऐकलेल्याला एका शब्दात सांगता येतं: चिकारी. क्लॉहॅमरमध्ये तिचा वापर खरोखर चिकारीसारखाच. नखानं सुराची तार, मग नखानंच तारांवर एक झाडू, लगेच अंगठ्यानं आखूड तार. एक मात्रा आणि दोन अर्ध्या मात्रा. तिकडे त्याला 'बम-डिटी' म्हणतात. गंमत अशी की सेनेगाल-गांबियातले जोला लोक अकोंटिंग नावाचं भोपळ्याचं वाद्य वाजवतात, त्यातही नख खाली पडतं आणि अंगठा आखूड तारेवर. म्हणजे बाजारातल्या त्या आजोबांचा हात कुठून आला असावा, याचा धागा फार लांब जातो.

ब्लूग्रासमध्ये आखूड तार चिकारी राहत नाही, बाकीच्या तारांच्या रांगेत येऊन उभी राहते. तीन बोटं ठरलेल्या क्रमानं फिरतात, त्याला 'रोल' म्हणतात. आठ स्वर, तीन बोटं. आठाला तिनानं भाग जात नाही आणि सगळी मजा तिथेच आहे. कहरव्याच्या आठ मात्रांत तीन-तीन-दोन असे तुकडे पाडून बघा; वजन सरकत राहतं. वेग वाढवला की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येतो. त्यात मागे लाकडी रेझोनेटर बसवलेला असतो आणि आत पितळी कडं, त्यामुळे आवाज समोर फेकला जातो. ओल्ड-टाइमवाल्यांचा बँजो मागून उघडा. काही जण त्यात जुना मोजा कोंबतात, आवाज आणखी बसावा म्हणून.

बरेच जण ओल्ड-टाइम म्हणजे 'जुनं ब्लूग्रास' समजतात. तसं नाही. ओल्ड-टाइम हे अ‍ॅपलॅचियन डोंगरातलं आणि दक्षिणेतलं नाचाचं, ओसरीवरचं संगीत, फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि बँजो यांच्या जोडीचं. ब्लूग्रास ही मंचावरची आणि रेडिओवरची गोष्ट, आणि वय फार नाही. केंटकीच्या बिल मन्रोंच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडवरून ते नाव आलं. डिसेंबर १९४५ मध्ये त्या बँडात नॉर्थ कॅरोलायनाचा एकविशीतला अर्ल स्क्रग्ज दाखल झाला. तीन बोटांनी वाजवणारे आमच्या या भागात त्याच्या आधीही होते, पण स्क्रग्जनं त्याला जी सफाई आणि गती दिली तिच्यामुळे आज जगभर 'ब्लूग्रास बँजो' म्हणजे स्क्रग्जचा हात.

स्क्रग्जच्या लहानपणीची एक गोष्ट ब्लूग्रासचे मास्तर हटकून सांगतात. अर्ल आणि त्याचा भाऊ हॉरेस घराच्या पुढच्या दारी एकच धून सुरू करायचे आणि वाजवत वाजवत घराला उलट्या दिशांनी वळसा घालायचे. मागच्या बाजूला भेटल्यावर बघायचं, दोघं अजून एकाच ठेक्यावर आहेत का. ब्लूग्रासचा सगळा शिक्षणधर्म मला त्यात दिसतो. प्रत्येक स्वर सुटा, स्वच्छ, आणि घड्याळाच्या काट्यावर. माझे पहिले मास्तर मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एकच रोल वीस मिनिटं घ्यायला लावायचे आणि मधेच डोळे मिटून म्हणायचे, "मधलं बोट उशिरा येतंय." ते खरंच येत होतं. बँजो पेटीत बंद करून मी घरी जायचो तेव्हा गाडीच्या इंडिकेटरचा आवाजसुद्धा रोलसारखा ऐकू यायचा.

ब्लूग्रासच्या मास्तरांकडे कागद बराच असतो. टॅब म्हणजे कुठल्या तारेवर कितवा पडदा आणि कुठलं बोट, हे आकड्यांत लिहिण्याची पद्धत. स्क्रग्जचं स्वतःचं पुस्तक १९६८ साली आलं, त्याची टॅब बिल कीथ यांनी ऐकून ऐकून उतरवली होती. त्याआधी शिकणारी पोरं ३३ फेऱ्यांची तबकडी १६ वर लावायची. गाणं निम्म्या वेगानं आणि एक सप्तक खाली रेंगाळत यायचं, आणि त्यातून बोटं शोधायची. पण सगळे मास्तर कागदवाले नाहीत. मर्फी हेन्री या बाईंनी आपली सगळी पद्धतच कानावर उभी केली, टॅबला हात लावायचा नाही. टोनी ट्रिश्का यांच्या हाताखाली नामवंत बँजोवादक बेला फ्लेक तयार झाला. आणि पीट वर्निक. कोलंबिया विद्यापीठातून समाजशास्त्राची पीएचडी घेतलेले, म्हणून 'डॉ. बँजो'. १९८० पासून शिबिरं घेतायत. त्यांचं म्हणणं असं की माणसाला आधी चारचौघांत बसून सावकाश वाजवता आलं पाहिजे, एकट्याचे पराक्रम नंतर. नवशिक्याला हे पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. आता वाटतं, पहिल्याच महिन्यात ऐकायला हवं होतं.

ओल्ड-टाइमचा मास्तर मात्र बहुधा शिकवतोय असं वाटूच देत नाही. सर्वांत मोठं उदाहरण टॉमी जॅरेल, जन्म १९०१, नॉर्थ कॅरोलायनातल्याच माउंट एअरीशेजारच्या टोस्ट गावचे. आयुष्यभर रस्ते खात्याचं ग्रेडर यंत्र चालवलं, १९६६ मध्ये निवृत्त झाले. मग देशभरातून पोरं त्यांच्या दारात यायला लागली. म्हातारा त्यांना घरात घ्यायचा, जेवूखाऊ घालायचा, आणि वाजवायचा. 'पाठ पहिला' वगैरे काही नाही. बघा, ऐका, बरोबर वाजवा. १९८२ साली अमेरिकेची राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप पहिल्यांदा दिली गेली, तेव्हाच्या मानकऱ्यांत ते होते. गुरुगृही राहून विद्या घेण्याची आपल्याकडची रीत माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, फक्त इथे गंडा नाही आणि पाया पडणं नाही.

तसंच याच राज्यातल्या मेबन गावचे जो थॉम्पसन. ते कृष्णवर्णीय फिडलवादक, जन्म १९१८. बँजोची वाट त्यांच्याच समाजातून निघालेली, पण विसाव्या शतकाच्या अखेरीस ती जवळजवळ पुसली गेली होती. २००५ च्या उन्हाळ्यापासून रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ही तीन तरुण मुलं दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसायला लागली. पुढे त्यांचा 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड झाला. लक्षात घ्या, थॉम्पसन फिडल वाजवायचे, आणि गिडन्स तिथे बँजो घेऊन बसायची. ओल्ड-टाइममध्ये बँजोचा खरा गुरू अनेकदा फिडलवाला असतो, कारण बँजोला त्याच्या गजाच्या झटक्याला चिकटून राहायचं असतं.

माझे दुसरे मास्तर याच पंथातले. पहिले सहा आठवडे मला एकही धून शिकवली नाही. फक्त बम-डिटी, मोकळ्या तारांवर, आणि ते स्वतः शेजारी फिडल घेऊन. मी एखादा सूर चुकलो तर त्यांचा गज थांबत नसे. ठेका चुकलो की थांबे. ब्लूग्रासच्या मास्तरांकडे याच्या उलट होतं असं नाही म्हणता येणार, ठेका तिथेही प्राण आहे; पण तिथे चुकलेला सूरही माफ नव्हता.

तारा मिळवण्यातही दोन संसार. ब्लूग्रासवाला बहुतेक वेळ एकाच जुळणीत असतो: खालून मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम, आणि आखूड तारेवर तार षड्ज. पट्टी बदलायची तर दांडीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की झालं. ओल्ड-टाइमवाला धुनेगणिक खुंट्या पिळतो. वरच्या जुळणीतला गंधार चढवून शुद्ध मध्यम केला की झाली 'सॉमिल'. आता ना शुद्ध गंधार ना कोमल, आणि धून उदास की आनंदी हे ठरतच नाही. मला ही जुळणी सगळ्यांत आवडते. यामुळेच ओल्ड-टाइमची बैठक तास-तासभर एकाच पट्टीत चालते. मध्येच कुणी नवी पट्टी सुचवली की बँजोवाले कसे बघतात ते एकदा पाहण्यासारखं असतं.

बैठकीची शिस्तही मास्तरच शिकवतो. ब्लूग्रासमध्ये आळीपाळीनं एकेकाचा 'ब्रेक'. तुमची पाळी आली की तुम्ही राजे, बाकी वेळ मागे राहा, आणि गाणारा गात असेल तर त्याच्या अंगावर वाजवू नका. ओल्ड-टाइममध्ये एकट्याची पाळी सहसा नसतेच. सगळे मिळून एकच धून दहा-पंधरा वेळा फिरवतात, भजनातल्या पालुपदासारखी, आणि पुढारी एक पाय वर उचलतो तेव्हा ती संपते. पहिल्या बैठकीला मी पायाकडे बघत नव्हतो. सगळे थांबल्यावर माझा बम-डिटी एकटाच खोलीत वाजत राहिला.

आता थोडी कबुली. ही फाळणी मी मांडली तितकी पक्की नाही. ओल्ड-टाइममध्ये दोन-तीन बोटांनी वर उचलून वाजवणारेही होते. चार्ली पूल १९२० च्या दशकात तीन बोटांनीच वाजवायचा. केन पर्लमन यांच्यासारखे क्लॉहॅमरचे शिक्षक टॅब वापरून फिडलच्या धुना स्वरान् स्वर शिकवतात. आणि आयरिश किंवा जॅझवाल्यांचा चार तारी बँजो हे तिसरंच प्रकरण, त्याचा मास्तर या दोघांत शोधू नका.

पुण्यात किंवा ठाण्यात बसून शिकायचं असेल तर बहुतेक मामला ऑनलाइनच. उन्हाळ्यात कॅरोलायनातले रात्रीचे आठ म्हणजे तुमची पहाटेची साडेपाच, रियाजाला वेळ वाईट नाही. मास्तरांना 'तुम्ही बँजो शिकवता का' एवढंच विचारू नका. तुम्हाला आवडलेल्या वाजवण्याची एक मिनिटाची क्लिप पाठवा आणि विचारा, हा हात शिकवता का. कॅमेरा त्यांच्या उजव्या हातावर येईल अशी पहिली शिकवणी मागा. किती वर्षं वाजवताय यापेक्षा किती वर्षं नवशिक्यांबरोबर वाजवताय, हे विचारलेलं बरं; फार चांगले वादक सावकाश वाजवू शकत नाहीत, हात विसरलेला असतो. आणि ब्लूग्रासवाल्यांकडे जात असाल तर नख्या त्यांना विचारूनच घ्या. सुरुवातीला त्या बोटातून निसटून थेट बँजोवर आपटतात.

क्लॉहॅमरला नख्यांचा खर्च नाही, स्वतःचं नख पुरतं. माझं मात्र वाढलं की तुटतं. दुसऱ्या मास्तरांनी त्यावर पिंगपाँगचा चेंडू कापून दिला. त्याचा नखाएवढा तुकडा मधल्या बोटाला चिकटवून मी वाजवतो. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, बोटाला काय झालं.