पीटरला लुटून पॉलला देणं, ही म्हण वेस्टमिन्स्टरवरून आलेली नाही
एका क्रेडिट कार्डचं बिल दुसऱ्या कार्डातून पैसे उचलून भरलं की इंग्रजीत म्हणतात 'रॉब पीटर टू पे पॉल', आपली याची टोपी त्याच्या डोक्यावर. वर्षानुवर्षं सांगतात की १५५० च्या सुमारास लंडनला सेंट पीटरच्या चर्चच्या, म्हणजे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या मालमत्तेतला काही भाग सेंट पॉल कॅथेड्रलच्या दुरुस्तीला दिला, त्यावरून ही म्हण पडली. मालमत्तेचं खरंय, पण म्हण त्याआधीची आहे हो, १३८० च्या आसपास इंग्रज धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या नावावरच्या लिखाणात ती आलीय आणि तीही थेट दानाबद्दल, की पीटरला लुटून ती लूट ख्रिस्ताच्या नावाने पॉलला दिली तर देवाला कशी चालेल? किती रोखठोक प्रश्न आहे बघा! दोघंही संत, सणही एकच, २९ जूनला, म्हणून नावं जोडीनेच तोंडात बसलेली.