पसायदानात ‘पसा’ नाही

‘पसायदान म्हणजे पसाभर दान, ओंजळीत मावेल एवढंच मागणं’ हा अर्थ प्रवचनांतून वर्षानुवर्षं फिरतो आहे. गोड आहे, पण चुकीचा.

‘पसाय’ हे ‘प्रसाद’चं प्राकृत रूप. ‘पाद’चा ‘पाय’ झाला, तसाच ‘प्रसाद’चा ‘पसाय’. ओंजळीचा ‘पसा’ वेगळा, तो संस्कृत ‘प्रसृति’वरून आला. पुरावा ज्ञानेश्वरीतच (शके 1212) आहे. ‘द्यावें पसायदान हें’ या मागणीला शेवटी उत्तर मिळतं: ‘हा होईल दानपसावो’. ‘पसावो’ म्हणजे ‘पसाय’च. इथे पसा कसा बसवणार?

प्रसाद म्हणजे नैवेद्याचा शिराही नव्हे बरं का! जुन्या भाषेत त्यात प्रसन्नता, कृपा आणि खूश होऊन दिलेली देणगीही येते. राजस्थानात राजे चारण कवींना ‘लाखपसाव’ देत, तोही हाच पसाव. आणि मागणं तर अख्ख्या विश्वासाठी आहे. ते पसाभर कसलं?