आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय : दोषनिदान

आयबीएमचा मूळ पीसी (मॉडेल 5150, ऑगस्ट 1981), मागून आलेले एक्सटी (1983) आणि एटी (1984), शिवाय इतर कंपन्यांनी त्यांच्या धर्तीवर केलेले ढीगभर क्लोन. यातलं एखादं मशीन चालू होत नसेल तर बिघाड एसएमपीएसमध्येच (वीज वेगाने चालू-बंद करून हवं ते व्होल्टेज देणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) आहे की त्याला जोडलेल्या दुसऱ्या कशात, हे हुडकायची पद्धत. 5150 चा सप्लाय 63.5 वॉटचा, म्हणजे 5 व्होल्टला 7 अँपिअर, 12 व्होल्टला 2, आणि उणे 5 व उणे 12 ला अगदी थोडा. एक्सटीचा 130 वॉट, एटीचा 192.

हा स्विचिंग सप्लाय डेस्कटॉपमध्ये आला कुठून यावर वाद आहे. स्टीव्ह जॉब्जचं म्हणणं असं की ॲपल 2 (1977) साठी ॲपलचा इंजिनिअर रॉड होल्टने केलेला 38 वॉटचा सप्लाय क्रांतिकारक होता आणि पुढे सगळ्यांनी त्याचीच नक्कल केली. होल्टच्या नावावर 1978 चं अमेरिकन पेटंट आहे हे खरं, आणि पंख्याशिवाय चालणारा हलका सप्लाय घरगुती कॉम्प्युटरात बसवणं ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण स्विचिंगची कल्पना त्याच्या बरीच आधीची. 1930 च्या दशकातल्या कार रेडिओत व्हायब्रेटर (थरथरून वीज चालू-बंद करणारा स्विच) लावून हेच काम कच्च्या स्वरूपात व्हायचं, साधारण 1960 च्या दशकाच्या शेवटी जास्त व्होल्टेज झेलणारे ट्रान्झिस्टर परवडायला लागले, 1970 च्या दशकात रॉबर्ट बोशर्टने स्वस्त स्विचिंग सप्लाय बाजारात आणले आणि 1976 मध्ये एसजी1524 ही असा सप्लाय चालवणारी कंट्रोलर आयसी आली. पुढच्या क्लोनमधला दोन ट्रान्झिस्टरचा हाफ-ब्रिज सप्लाय टीएल494 आयसीवर चालतो, होल्टच्या एका ट्रान्झिस्टरच्या फ्लायबॅक सर्किटशी त्याचं फारसं नातं नाही. त्यामुळे श्रेय सुटे भाग स्वस्त होण्याला देणारं मत जास्त पटण्यासारखं आहे.

निदानातली मुख्य अडचण अशी की हे सप्लाय स्वतःला वाचवायला बंद पडतात. बटण दाबलं, पंखा जरासा हलला आणि थांबला, किंवा हललाच नाही, की लोक सप्लाय मेला म्हणून तो खोलून बसतात, आणि शॉर्ट मात्र मदरबोर्डवर असतो. 5150 आणि एक्सटीत पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर घ्यावा. हे थेंबासारखे रंगीत कपॅसिटर, काही तीन पायांचे, 12 व्होल्टच्या लाइनवर 16 व्होल्टचे बसवलेत, म्हणजे मार्जिन कमीच, आणि वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर वीज दिली की ते शॉर्ट होतात, कधी फटाक्यासारखे फुटतातही (फुटलेला परवडला, निदान दिसतो तरी). म्हणून मशीनची वायर भिंतीतून काढून सप्लायमधून मदरबोर्डाला जाणारे पी8 आणि पी9 हे दोन्ही कनेक्टर उपसायचे, मल्टिमीटर ओहमवर ठेवून बोर्डाच्या बाजूने पी8 ची तिसरी पिन (12 व्होल्टची) आणि ग्राउंड यांच्यात मोजायचं, शून्याच्या आसपास आलं तर शॉर्ट बोर्डावर किंवा कुठल्या तरी कार्डावर आहे. मग कार्डं एकेक काढत पुन्हा मोजायचं. हार्ड डिस्क आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या बोर्डांवरही टँटलम असतात, त्यांच्या वायरी सुट्या करून तेही तपासायचे. परत जोडताना पी8-पी9 च्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत, उलटं लावलं तर बोर्ड कायमचा गेलाच समजा.

बोर्ड ठीक निघाला तर सप्लायकडे वळायचं. तो नुसता, लोडशिवाय (वीज ओढणारं काही न जोडता) चालू करून मोजू नये, यातले बरेच लोडशिवाय सुरूच होत नाहीत किंवा चुकीचे आकडे दाखवतात. आयबीएमलाही हे ठाऊक होतं, हार्ड डिस्क नसलेल्या एटीत 5 ओहम 50 वॉटचा रेझिस्टर लावून यायचा. लोडवर 5 व्होल्टची लाल वायर 4.8 ते 5.2 मध्ये असावी. नारिंगी वायर पॉवर गुडची, म्हणजे व्होल्टेज ठीक आहेत असं बोर्डाला सांगणाऱ्या सिग्नलची. बाकीचे व्होल्टेज बरोबर आणि हीच खाली असेल तर प्रोसेसर रिसेटमध्ये अडकून राहतो, पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच.

आत हात घालायचा तर आधी सावधगिरी. 230 व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन डीसी झाल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी असतं आणि वायर काढल्यावरही ते राहू शकतं, म्हणून डिस्चार्ज केल्याशिवाय बोट लावू नये. पहिल्यांदा वीज देताना आपल्याकडचे मेकॅनिक वापरतात तो सिरीज बल्ब (मशीनला येणाऱ्या वायरीत मध्येच जोडलेला) उत्तम. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) किंवा चॉपर ट्रान्झिस्टर (स्विचिंग करणारा) शॉर्ट. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज वाढवावं असंही काही जण सांगतात, पण स्विचिंग सप्लाय कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढतो, तेव्हा बल्बच बरा. क्लोनमध्ये फ्यूज शाबूत आणि तरी काहीच हालचाल नसेल तर ट्रान्झिस्टरच्या बेसकडचे 1 मायक्रोफॅरडचे छोटे इलेक्ट्रोलिटिक सुकलेत का ते बघावं. थंड असताना सुरू न होणारं आणि चार वेळा बटण मारल्यावर चालणारं मशीन बहुतेक वेळा सुकलेल्या कपॅसिटरचंच असतं. ते वरून फुगलेलेच दिसतील असं नाही, कपॅसिटरचा आतला रोध मोजणाऱ्या ईएसआर मीटरनेच कळतं.

जळका वास आणि धूर आला पण मशीन चालूच राहिलं तर तो बहुधा मेन्स फिल्टरमधला (भिंतीतल्या विजेतला गोंगाट गाळणारा भाग) रिफा कंपनीचा कागदी कपॅसिटर, त्याचं पारदर्शक कवच तडकून आत ओल जाते. बीबीसी मायक्रो या ब्रिटिश कॉम्प्युटरात तर हे ठरलेलंच. त्याजागी त्याच मूल्याचा एक्स2 वर्गाचा (मेन्सवर लावण्यासाठीचा) पॉलिप्रोपिलीन कपॅसिटर लावावा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो.

अमेरिकेतून आणलेल्या 5150 ला व्होल्टेजचं सिलेक्टर बटण नाही, तो स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय इथे लावूच नये. क्लोनला मागे लाल बटण असतं, ते 115 वर राहिलं की फ्यूज तरी उडतो नाहीतर मोठे कपॅसिटर.

उणे व्होल्टेजकडे सहसा कुणी बघत नाही. उणे 12 मुख्यतः सीरियल पोर्टला लागतं. उणे 5 मात्र 16 ते 64 केबीच्या पहिल्या 5150 बोर्डात 4116 मेमरीला लागायचं, ते गेलं तर चिपा जळू शकतात. 64 ते 256 केबीच्या बोर्डातल्या 4164 ला नुसतं 5 व्होल्ट पुरतं.