हंगामी इन्फ्लुएंझा विषाणूंमधील औषधरोध

इन्फ्लुएंझाच्या विषाणूत जनुकीय बदल होऊन एरवी त्याची वाढ रोखणारे औषध निष्प्रभ ठरणे किंवा कमी परिणामकारक होणे, यास औषधरोध म्हणतात. हा विषाणू आपल्या आरएनएच्या (जनुकीय सामग्रीच्या) प्रती काढताना वारंवार चुकतो आणि त्या चुका दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. त्यामुळे असे बदल सतत घडत असले, तरी टिकून पसरणारे थोडेच असतात.

अमँटाडीन व रिमँटाडीन ही जुनी औषधे ए प्रकारच्या विषाणूतील एम२ प्रथिनाची वाहिनी बंद करतात. बी प्रकारावर ती मुळातच लागू पडत नाहीत. २००३ नंतर एच३एन२ या ए प्रकारातील उपप्रकाराच्या विषाणूंत या प्रथिनाच्या ३१व्या स्थानी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ॲस्पॅरजीन आलेले वाण झपाट्याने पसरले आणि जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेने या औषधांचा वापर थांबवण्याचा सल्ला दिला.

ऑसेल्टामिविर या इन्फ्लुएंझावरील दुसऱ्या औषधाची कथा अधिक बोधक आहे. हे औषध विषाणूच्या न्यूरामिनिडेज या विकराच्या (एन्झाइमच्या) खाचेत बसून नव्या विषाणूंची पेशीपासून सुटका होऊ देत नाही. मात्र ते नीट बसावे यासाठी खाचेतील एका ग्लुटामिक आम्लाला किंचित वळून जागा करून द्यावी लागते. एच१एन१ विषाणूंतील एन१ प्रकारच्या या विकराच्या २७५व्या स्थानी हिस्टिडीनऐवजी आकाराने मोठे टायरोसीन आले, की ही जागा नीट होत नाही. त्याच विकरावर काम करणाऱ्या झानामिविर या औषधाला या वळण्याची गरज नसल्याने ते अशा विषाणूंवरही चालते.

२७५व्या स्थानावरील हा बदल विषाणूला दुबळे करतो, म्हणून तो पसरणार नाही, असे मानले जात होते. मात्र २००७-०८ च्या हिवाळ्यात नॉर्वेमध्ये, म्हणजे जिथे हे औषध फारच कमी वापरले जात होते तिथे, तपासलेल्या एच१एन१ विषाणूंपैकी सुमारे दोनतृतीयांश प्रतिरोधी निघाले, तर औषधाचा सर्वाधिक वापर करणाऱ्या जपानमध्ये त्या हंगामात हे प्रमाण अल्प होते. पुढच्या हंगामात जगभर हेच वाण प्रबळ झाले. औषधाचा अतिवापर हे नेहमीचे उत्तर येथे पुरत नाही. २०१० मध्ये जेसी ब्लूम, डेव्हिड बाल्टिमोर या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की २७५व्या स्थानावरील बदलाने पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचणारे न्यूरामिनिडेज घटते, परंतु त्याच विकरातील इतर काही बदल ही तूट आधीच भरून काढू शकतात. २००९ च्या महासाथीतील नव्या एच१एन१ने हे वाण मागे सारले. हा नवा विषाणू ऑसेल्टामिविरला दाद देणारा, पण अमँटाडीनला न जुमानणारा होता.

२०१८ मध्ये वापरात आलेले बॅलॉक्सॅविर विषाणूच्या पीए प्रथिनातील विकरक्रिया रोखते. त्याच्या उपचारानंतर ३८व्या स्थानी आयसोल्युसीनऐवजी थ्रिओनीन आलेले विषाणू काही रुग्णांत, विशेषतः मुलांत, आढळले आहेत. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांत विषाणू आठवडेच्या आठवडे वाढत राहतो. त्यामुळे उपचार चालू असतानाच एकाच रुग्णात प्रतिरोधी वाण तयार होण्याचा धोका त्यांच्यात सर्वाधिक असतो.